आपोआप काळी होणारी काच

आमचे घरमालक आठ दिवस डोक्यावर अर्धा किलो तांदूळ बांधून हिंडत होते आणि गावात त्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं. तांदूळ जुन्या पंच्याच्या पुरचुंडीत शिवलेले होते आणि पुरचुंडी कपाळाच्या जरा वर येईल अशी नाडीने बांधलेली होती. तशाच अवतारात ते सुपारीच्या वाडीला पाणी लावायचे, बोर्लीच्या बाजारातून बोंबील आणायचे आणि संध्याकाळी ओटीवर बसून पेपर वाचायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काहीतरी नवस असेल. जुनी माणसं म्हणायची, स्टोअरकाकांचं काहीतरी चाललंय. चाललं होतं ते असं, की वेल्डिंग करताना तोंडावर घालायचं एक हेल्मेट त्यांना विकत घ्यायचं होतं. ते चारशे नव्वद ग्रॅमचं असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि एवढं ओझं आपली मान किती वेळ सहन करते हे आधी बघायचं होतं. वरचे दहा ग्रॅम त्यांनी घामाचे धरले होते.

मी तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या नोकरीवर होते. डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू पिकलेली माणसं शोधून अलिबागला पाठवायची, शाळांतून फिरून फळा न दिसणारी मुलं हुडकायची, एवढंच काम. मी मूळची सोलापूरकडची, कोरड्या हवेतली. बोर्ली पंचतनच्या जरा बाहेर त्यांचं घर होतं, त्याची माडी मी भाड्याने घेतली आणि चार वर्षं तिथे काढली. रोह्याकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं, म्हणून गावात ते स्टोअरकाका. मीही त्यांना काकाच म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे. त्यांच्या पनवेलला दिलेल्या मुलीपेक्षा मी लहान, पण माणसाला हुद्द्याने हाक मारायची त्यांची कारखान्यातली सवय होती. पोस्टमनला पोस्टमन, सरपंचाला सरपंच. कोळणीला मात्र ते ताई म्हणत. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

स्टोअरच्या खिडकीतून त्यांनी एकतीस वर्षं सामान दिलं. पाने, दोर, कप्प्या, रंग, वेल्डिंगचे रॉड, काळ्या काचा, हातमोजे. त्यातली एकही वस्तू त्यांनी स्वतः कधी वापरली नव्हती. "माझ्या हातून खोक्यांनी रॉड गेले," ते सांगत, "पण त्यांचा उजेड मी बघितला नाही. स्टोअर मागच्या अंगाला होतं." निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपण जे जे लोकांना दिलं ते ते एकदा वापरून बघायचं. तेही मनाला येईल तसं नाही, स्टोअरात ज्या क्रमाने रॅक होते त्या क्रमाने. पहिल्या रॅकमध्ये नटबोल्ट होते, म्हणून पहिलं वर्ष त्यांनी घरातली प्रत्येक फिरणारी वस्तू उघडून पुन्हा आवळली. मी राहायला आले तेव्हा दोर आणि कप्प्यांचा रॅक होऊन गेला होता. त्याची खूण म्हणून माझ्या खिडकीशी एक कप्पी लटकत होती आणि रविवारी काकींनी दिलेलं कालवण त्या कप्पीवरून डब्यात बसून वर यायचं. जिना सात पायऱ्यांचा होता.

रंगाचा रॅक मी स्वतः भोगला. कारखान्यात पाण्याचे नळ हिरवे, हवेचे निळे आणि गॅसचे पिवळे रंगवायची रीत असते म्हणे. काकांनी ती घराला लावली. पाण्याशी संबंध असलेलं सगळं हिरवं झालं: विहिरीचा रहाट, मोरीची बादली, तुळशीला पाणी घालायचा तांब्या. हवेचं म्हणून सायकलचा पंप निळा झाला, आणि माझ्या खोलीतला पंखाही निळा झाला. मी दवाखान्यातून आले तेव्हा तो वाळत होता आणि दोन दिवस सुरू करायचा नाही असा त्याला कागद बांधला होता. मे महिना होता. मी काकींकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, "बाय, तुझा पंखाच गेला. माझं देवघर वाचवताना माझा जीव गेला."

याला छंद म्हटलेलं काकांना आवडत नसे. छंद म्हणजे पेटी वाजवणं, पत्ते खेळणं. हे काम आहे, फक्त कुणी सांगितलेलं नाही, असं ते म्हणत.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: "बिघडलं तर काय?" चालतं कसं, हे ते सगळ्यात शेवटी विचारत. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगा ठाण्याला नोकरीला होता. फोटो, पत्रिका, सगळं मी काका-काकींना दाखवलं. काकींनी मुलाची उंची विचारली. काकांनी बराच वेळ फोटो बघितला आणि विचारलं, "मॅडम, बिघडलं तर काय?" मला राग आला होता. ते लग्न झालं नाही, त्याचं कारण वेगळं होतं.

सातव्या रॅकमध्ये वेल्डिंग होतं आणि तिथे काकी आडव्या आल्या.

काकांना एकच डोळा होता. नऊ वर्षांचे असताना विटी लागून डावा गेला. पहिल्याच दिवशी मी सवयीने त्या डोळ्याकडे बघू लागले, तर म्हणाले, "तो रिजेक्ट माल आहे मॅडम, इकडचा बघा." उजवा उत्तम होता. काकींचे दोन्ही डोळे होते, पण त्या डोळ्यांत काचबिंदू होता. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूने नजर खात आत येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. मीच तो शोधून त्यांना अलिबागला पाठवलं होतं. तेव्हापासून रोज रात्री थेंब घालायचे आणि सहा महिन्यांनी माझ्यासमोर बसून तक्ता वाचायचा, असं चाललं होतं. म्हणजे घरात भरवशाचा डोळा काकांचा एकच, आणि तो घेऊन ते आगीपुढे बसणार म्हणत होते.

"त्यो डोळा काय तुमच्या एकट्याचा हाय?" काकी म्हणाल्या. "उद्या माझं काय झालं तर मला कोन बघंल?"

काकांना हे पटलं, कारण प्रश्न त्यांच्याच पद्धतीचा होता. दोघांत तह झाला. डोळा शंभर टक्के राखेल असं काहीतरी मिळालं तर वेल्डिंग, नाहीतर सातवा रॅक तसाच सोडून आठवा. मिळालं की नाही ते मी ठरवायचं, कारण डोळ्यांची सरकारी माणूस मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचे वेल्डिंगचे गुरू इक्बालभाई. ते बावीस वर्षं कुवेतला वेल्डर होते आणि आता बोर्लीत गेट आणि ग्रिल बनवायचं त्यांचं दुकान होतं. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते आमच्याकडे चहाला यायचे. हेल्मेटचा सगळा खटाटोप त्यांना करमणुकीचा वाटे. "काका, आमी बावीस साल टाके मारले," ते सांगत. "डोला मिटायचा, टाका मारायचा, डोला उघडायचा. अल्लाचा फजल हाय, अजून सुईत धागा घालतो."

"तुमच्याकडे एक स्पेअर आहे, इक्बालभाई," काका म्हणाले. "माझ्याकडे स्टॉक निल."

इक्बालभाईंच्या दुकानात हातात धरायचा पत्र्याचा मुखवटा होता, त्याला साधी काळी काच. त्यातून ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही. रॉड कुठे टेकवायचा ते आधी बघून ठेवायचं, मुखवटा तोंडापुढे धरायचा आणि अंदाजाने टेकवायचा. दोन डोळ्यांच्या माणसाला ते जमून जातं. एका डोळ्याने लांब-जवळ नीट कळत नाही, त्यामुळे काका हमखास बोटभर बाजूला टेकवायचे. म्हणून त्यांना ते नवीन प्रकारचं हवं होतं. त्यातून आधी लख्ख दिसतं, आणि ठिणगी पडली की काचेवरचे दोन-चार बारीक सेन्सर ती ओळखतात आणि काच आपोआप काळी होते. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. इक्बालभाईंचा यावर विश्वास नव्हता. "काच हाय का पोलीस?" त्यांनी विचारलं.

पुढचे अकरा महिने मी हेल्मेटशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. कॅलेंडरच्या पाठीमागे काकांनी तक्ता आखला. मी दवाखान्यातून आले, चप्पल काढली, की पहिला प्रश्न तयार असायचा. काच किती नंबरपर्यंत काळी व्हायला हवी? मी वाचून सांगितलं, तुमच्या बारीक कामाला दहा पुरे, अकरा केली तर डोळ्याला अजून आराम. सेन्सर दोन की चार? यावर तीन आठवडे गेले. चारचं हेल्मेट जड होतं, आणि तांदळाच्या प्रयोगात मान पाऊण तासाने बोलायला लागली होती. शेवटी इक्बालभाईंनीच निकाल दिला, की जो माणूस जहाजाच्या पोटात शिरून, पाइपाआड वाकडा होऊन जोडतो त्याला चार लागतील. काका अंगणात समोर स्टुलावर ठेवून जोडणार, त्यांना दोन भरपूर. बॅटरी बदलता येत नसेल तर रिजेक्ट. डोक्याच्या पट्ट्याचे स्क्रू लोखंडी असतील तर रिजेक्ट, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ते दोन पावसाळे काढत नाहीत.

एकदा काका पनवेलच्या दुकानांत बघायला म्हणून गेले ते घरातला टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून. मी त्याच दिवशी पनवेलला जात होते म्हणून माझ्यावर ही वेळ आली. दुकानात ठिणगी कुठून आणायची, तर रिमोटमधून जो न दिसणारा उजेड निघतो त्याने पण ही काच फसते असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. पहिल्या दुकानात त्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं, त्याच्यावर रिमोट रोखला आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं. काच काळी झाली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा झाली. मग पाच पावलं मागे जाऊन दाबलं. दुकानदार आधी हेल्मेटकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. "ठीक आहे," काका त्याला म्हणाले, "आता ही काळी झाली नाही तर काय?"

"होणारच ना काका, ऑटोमॅटिक आहे."

"बिघडलं तर?"

"गॅरंटी आहे, बदलून देऊ."

"डोळा?"

दुकानदाराने हेल्मेट उचलून आत ठेवलं. तीन दुकानांत थोड्याफार फरकाने हेच झालं, आणि संध्याकाळी घरी काकींची मालिका बुडालेली होती, कारण रिमोट आमच्याबरोबर होता.

त्या प्रश्नाचं उत्तर शेवटी मीच शोधलं. आणि खरं सांगायचं तर मला ते आधी माहीत असायला हवं होतं. वेल्डिंगच्या उजेडात डोळा भाजतो तो न दिसणाऱ्या किरणांनी. चांगल्या काचेत त्या किरणांना अडवणारा थर कायमचा असतो, काच काळी होवो न होवो, बॅटरी असो नसो. काळी झाली नाही तर डोळे दिपतील, काही वेळ समोर अंधार येईल, पण भाजणार नाहीत. मात्र हे चांगल्या काचेचं. रस्त्यावर मिळणाऱ्या, कसला कागद सोबत नसलेल्या काचेचं कुणी सांगू शकत नाही. काकांनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, मग तक्त्यात एक नवा रकाना आखला आणि त्यात सहा हेल्मेटांपैकी चारांवर काट मारली. राहिलेल्या दोनांतलं एक मागवलं. ते आलं, त्याची डोक्याची पट्टी किरकिरत होती, परत गेलं. दुसरं राहिलं. दसऱ्याला आठ दिवस होते. काकांनी जाहीर केलं की पहिला टाका दसऱ्याच्या मुहूर्तावर.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. काकी सकाळपासून त्याच कामात होत्या. पाटावर कोयते, करवत, पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन आणि मधोमध नवं हेल्मेट. माझ्या दवाखान्यातली तपासणीची बॅटरीही त्यांनी मागून घेतली होती. सगळ्यांना पाण्यात कालवलेलं कुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला इक्बालभाई मुद्दाम दुकान बंद ठेवून आले. काकांनी अंगणात मशीन मांडलं, जमिनीवर पाणी नाही ना ते पाहिलं, हातमोजे घातले, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. हेल्मेटचं तपासणीचं बटण दाबलं, काच काळी झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ओके?" मी म्हटलं, ओके. कुंकू हेल्मेटवर तसंच होतं. दसऱ्याच्या दिवशी हत्याराला लावलेलं कुंकू कोण पुसतं? मलाही ते सुचलं नाही.

त्यांनी हेल्मेट खाली ओढलं. इक्बालभाईंनी आणि मी तोंडं फिरवली. चर्र झालं, भिंतीवर निळा उजेड पडला आणि लगेच गेला.

"मॅडम," काका शांतपणे म्हणाले, "काळी झाली नाही." मग हेल्मेट वर केलं आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही."

मी धावले. त्यांना तिथेच खाली बसवलं. तोंडाने मी सांगत होते की हे दिपलं आहे, भाजलेलं नाही, दहा मिनिटांत येईल, आणि मनात म्हणत होते की मी ओके कशाला म्हटलं. मी त्या माणसाला हो म्हटलं होतं. स्वयंपाकघरातून काकी आल्या. "काय झालं? काय झालं वो?" करत त्या ओटीखालच्या खुर्चीपाशी गेल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, हात आत फिरवला. खुर्ची रिकामी होती. "कुठं हायत तुमी?" त्या म्हणाल्या. काका त्यांच्यापासून दहा पावलांवर, भर उन्हात बसले होते.

"इथे आहे गो," काका म्हणाले. "काही नाही झालं."

त्यांच्या डोळ्यापुढचा काळा डाग मधून फाटला, मग कडेने विरला, आणि बारा मिनिटांनी काकांनी माझी बोटं बरोबर मोजली. भाजलं असतं तर पाच-सहा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखतं. मी संध्याकाळी पाहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, काही नव्हतं. काच खरंच चांगली होती.

पण हे नंतरचं. नजर आल्याबरोबर काकांनी पाणी मागितलं नाही, हेल्मेट मागितलं. कारखान्यातून परत आलेला माल बघावा तसं त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून बघितलं. काचेच्या वर सेन्सरच्या दोन बारीक खळग्या होत्या, हरभरा बसेल एवढ्या. दोन्ही कुंकवाने गच्च भरलेल्या होत्या; तपासणीचं बटण या सेन्सरांना विचारत नाही, म्हणून त्यात काही कळलं नव्हतं. एवढंच असतं तर आम्ही हसलो असतो. पण हेल्मेटच्या हनुवटीपासून वर, काचेवरून, कडेकडेने कुंकवाच्या बोटाचे फिकट माग होते. बोट चाचपत वर गेलं होतं, दोनदा चुकलं होतं, आणि जिथे काहीतरी हाताला लागलं तिथे टेकलं होतं. कोयत्यावर, करवतीवर, मशीनवर टिळे जिथल्या तिथे होते. त्या वस्तू काकींच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत होत्या. हेल्मेट नवं होतं.

इक्बालभाईंनी ते पाहिलं आणि तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली.

"काय झालं हुतं?" काकींनी विचारलं.

"बॅटरीची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली," काका म्हणाले. "माझी चूक. विसरलो."

एकतीस वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे न केलेला माणूस मी विसरलो म्हणत होता. इक्बालभाईंनी चहाचा कप उचलला आणि खाली बघून पिऊ लागले. काकी आत गेल्यावर काकांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, तिचे डोळे तुम्ही शेवटचे कधी तपासलेत?"

दीड महिन्यापूर्वी. आणि काकींनी तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत बरोबर वाचला होता. पुढच्या सोमवारी मी दवाखान्यातला तक्ता काढला, उलटा करून पुन्हा लावला आणि काकींना बोलावलं. न शिकलेल्या माणसांसाठी आमच्याकडे त्रिशूळासारखी खूण असलेला तक्ता असतो, दांडे कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं, बहुतेक बायका तोंडानेही म्हणतात. काकी खुर्चीवर बसल्या, एक डोळा झाकला आणि भराभर हात दाखवत गेल्या. वर, उजवीकडे, खाली, उजवीकडे. सगळा जुना क्रम, कुठेही न अडखळता. बाकावर नंबराची वाट बघताना, आधी तक्ता वाचणाऱ्या बायकांच्या तोंडून त्यांनी तो ऐकून ऐकून पाठ केला होता. तो तक्ता माझ्या आधीपासून त्या भिंतीवर तसाच होता आणि मला तो कधी फिरवून लावावासा वाटला नव्हता. मला स्वतःची फार लाज वाटली. अजून वाटते.

दुसरा डोळा झाकायला सांगायचं मी विसरले, आणि त्यांना कळलं. "फिरवलास व्हय?" त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झालं की वरीस. मधलं जरा दिसतं, उजेड असंल तर." मग माझा हात धरला. "त्यांना सांगू नको बाय. कळलं तर सगळं टाकून माझ्यापुढं बसून ऱ्हातील. मानूस बसून गेला की गेला."

अलिबागला मी त्यांना वर्षाची तपासणी म्हणून घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी थेंब बदलले, आहे ते टिकेल असं सांगितलं. काकांनाही मी सगळं सांगितलं, कारण एकीचं गुपित सांभाळताना दुसऱ्याशी खोटं बोलणं मला जमेना. त्यांनी ऐकून घेतलं. "मला कळलंय हे तिला कळू देऊ नका," ते म्हणाले. "एवढं पाठ केलंय तिने, त्याला काही कारण असेल." आता दोघांचीही गुपितं माझ्याकडे होती आणि मी माडीवर राहत होते. कित्येकदा वाटलं, दोघांना ओटीवर समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं. सांगितलं नाही. मला त्यांचा कंटाळा यायचा, रागही यायचा, आणि मग मी खाली चहाला जायचे.

दिवाळीनंतर काकांनी सळ्या आणि पाइप आणले. विचारलं तर म्हणाले, सराव. सरळ जोड जमला पाहिजे, त्यासाठी लांब काहीतरी हवं. मग स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत कमरेएवढा एक लोखंडी कठडा झाला. तिथे सराव पुरा झाला नाही म्हणून विहिरीपासून मोरीपर्यंत. मग कोपऱ्याचा जोड शिकायचा म्हणून तुळशीला वळसा घालून. आता काम सुरू करायच्या आधी ते सेन्सरवरून ओलं फडकं फिरवायचे, मग कोरडं, मग रिमोट रोखायचे. पहिले जोड ओबडधोबड होते. काकी कठड्यावर तळवा ठेवून जायच्या आणि मध्येच थांबायच्या. "हितं खरखरतंय."

"कुठे?"

"हितं. आनि ह्या वळनावर बोट कापंल."

काका खडूने खूण करायचे आणि ग्राइंडर लावायचे. इक्बालभाई मला म्हणाले, "कुवेतला आमचा इंजिनीर भिंगानं बघायचा. त्याला पन एवढं दिसत नव्हतं." एका दुपारी काकी भजनाला गेल्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं, काका उजवा डोळा घट्ट मिटून, कठड्यावर हात ठेवून दारापासून विहिरीवरून मोरीकडे चालले होते. मोरीच्या उंबऱ्याला त्यांचा पाय अडखळला. डोळा उघडून त्यांनी उंबऱ्यावर खडूची खूण केली, परत दाराशी गेले आणि पुन्हा डोळा मिटला. मी खिडकीतून मागे झाले.

माझी बदली झाली तेव्हा कठडा फाटकापर्यंत आला होता. निघायच्या दिवशी काकी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या, डाव्या हाताने कठडा धरून, एकदाही न थांबता. काका विहिरीच्या पलीकडे शेवटचा तुकडा जोडायला बसले होते.

"बास म्हनावं आता सराव," काकी म्हणाल्या. "घर संपलं. तिकडं मागं मी कशाला जाते?"

"जायचं झालं तर असूदे," काका तिथून म्हणाले. "तोंड फिरवा गो दोघी."

"फिरवलंय," काकी म्हणाल्या. त्या त्यांच्याकडेच तोंड करून उभ्या होत्या. आवाज आला की तिकडे वळायची आता त्यांना सवय लागली होती. काकांनी हेल्मेट वर केलं आणि रॉड हातात तसाच धरून थांबून राहिले, माझ्याकडे बघत. मी काकींना खांद्याला धरून हळूच रस्त्याकडे वळवलं आणि मान हलवली. मग त्यांनी हेल्मेट खाली घेतलं.